चार्टरची लॉटरी लागली, आता सीट घेऊ की सोडू?

पत्र:

ताई, आम्ही चँडलरला राहतो, ॲरिझोनात. मुलगा चौथीत आहे, डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत. ती आमच्या बाउंड्रीतली, म्हणजे घराच्या पत्त्यावर ठरलेली नाही, ओपन एनरोलमेंटवर, रिकाम्या जागेसाठी अर्ज करून मिळवलेली. त्याला डिस्लेक्सिया आहे (वाचायला अवघड जातं), आयईपी आहे, म्हणजे शाळेने त्याला काय मदत द्यायची याचा लेखी प्लॅन, रीडिंगच्या मॅडम रोज अर्धा तास वेगळं घेऊन बसतात. गणितात मात्र एकदम पुढे. आता एका खूप नावाजलेल्या चार्टर शाळेत पाचवीसाठी लॉटरीत नंबर लागलाय, शुक्रवारपर्यंत सीट ॲक्सेप्ट करायचीय. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या म्हणतात असा चान्स सोडायचा नसतो, शिवाय भाऊ तिथे असला की धाकटीला प्रवेशात प्राधान्य, सिबलिंग प्रेफरन्स मिळेल. नवरा म्हणतो दोन्ही नको, ईएसएचे, म्हणजे राज्य मुलाच्या शिक्षणासाठी पालकांना देतं ते पैसे घेऊन प्रायव्हेटला टाकू. नाशिकहून सासूबाई म्हणतात, फुकटची शाळा ती कसली चांगली. पुण्यात नणंदेच्या मुलीला आरटीईची लॉटरी लागली तेव्हा घरात पेढे वाटले होते, आणि इथे मला लॉटरी लागून झोप नाहीये. काय करू?
— चँडलरची आई

उत्तर:

अगं, आधी सासूबाईंचं बघू, ते सगळ्यात सोपं आहे. त्यांच्या डोक्यात फुकट म्हणजे झेडपीची नाहीतर म्युन्सिपाल्टीची, आणि चांगली म्हणजे डोनेशन घेणारी, हे गणित पक्कं बसलंय आणि त्यांची काही चूक नाही. त्यांना सांग की चार्टर ही सरकारी पैशावरच चालणारी पब्लिक शाळा, फी नाही, मॅनेजमेंट कोटा नाही, फक्त चालवतो डिस्ट्रिक्ट नाही तर एखादी वेगळी संस्था, आणि तिचा राज्याच्या चार्टर बोर्डाशी करार असतो, ॲरिझोनात पहिला करार १५ वर्षांचा. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की लॉटरी. (काही शाळा नंतर 'दर मुलामागे एवढे डॉलर द्या' अशी गोड मेल पाठवतात, ते ऐच्छिक असतं, नाही दिले तरी सीट जात नाही, हे आत्ताच लक्षात ठेव.)

नणंदेच्या मुलीची आरटीई लॉटरी मात्र वेगळी गोष्ट आहे गं. तिथे खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी कायद्याने राखीव, दुर्बल घटकाला उत्पन्नाचा दाखला लागतो, फीची भरपाई सरकार करतं. त्यातही २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना त्यातून सूट, असा नियम काढला होता आणि जुलैत मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला, तुझ्या नणंदेला त्या उन्हाळ्याबद्दल विचार, ती तासभर बोलेल. इथल्या चार्टरच्या लॉटरीत उत्पन्न कोणी विचारत नाही. इंटेलमधला इंजिनिअर आणि गॅस स्टेशनवरचा कॅशियर एकाच टोपलीत. ऐकायला हे फार छान वाटतं, पण लॉटरी फक्त आत कोण शिरणार एवढंच ठरवते, आत किती दिवस कोण राहणार ते शाळेचं रोजचं वागणं ठरवतं, आणि तुझ्या मुलाच्या बाबतीत मला फक्त तेवढंच बघायचंय.

तुझ्या ग्रुपवर जे 'नंबर वन, नंबर वन' चाललंय ना, त्याबद्दल थोडं. देशातल्या हायस्कुलांच्या याद्या निघतात आणि त्यात ॲरिझोनातल्या चार्टर शाळा वरच्या नंबरात असतात हे खरं आहे, खोटं नाही. पण त्या याद्या बघतात शेवटच्या बॅचला, एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा किती जणांनी दिल्या, किती पास झाले. ती बॅच पाचवीत केवढी होती, हे यादीत नसतं. या प्रकारच्या कडक शाळांमध्ये बारावीचा वर्ग मिडल स्कूलच्या वर्गापेक्षा बराच लहान असतो, आणि मधल्या रिकाम्या जागांवर वरच्या वर्गात नवीन मुलं घेतलीच जातात असं नाही. मग जी राहिली त्यांचा रिझल्ट उत्तम लागणारच की. शाळा लबाडी करते असं मी म्हणत नाहीये, अभ्यास खरंच चांगला असतो, शिक्षक विषयात पक्के असतात, ज्या मुलाला ते झेपतं त्याच्यासाठी ती सोन्यासारखी शाळा आहे. प्रश्न एवढाच, की जी मुलं गेली ती कोण होती. रीडिंग स्लो असलेली किती होती. हे विचारायला तुला कोणी शिकवलं नाही कारण ग्रुपवर बोलतात त्या सगळ्या टिकलेल्या मुलांच्या आया. ज्यांनी काढून घेतलं त्या ग्रुप म्यूट करून बसल्यात, त्यातल्या दोघी-तिघींना शोध आणि फोन कर, त्या बोलतात, फक्त सगळ्यांसमोर नाही बोलत.

आणि सरसकट 'चार्टर चांगल्या की डिस्ट्रिक्टच्या' या वादात तर पडूच नकोस. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संस्थेने २००९ मध्ये अभ्यास केला तेव्हा १७ टक्के चार्टर शाळा गणितात आसपासच्या पब्लिक शाळांपेक्षा सरस निघाल्या आणि ३७ टक्के त्यांच्याहून खाली. त्याच संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात चित्र सुधारलं, चार्टरची मुलं सरासरी वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे. बघ, सहा दिवस! यावर लोक फेसबुकवर एकमेकांचे गळे धरतात. बॉस्टनसारख्या शहरातल्या गरीब मुलांच्या चार्टरनी खूप मोठा फरक पाडलाय, ऑनलाइन चार्टरचे निकाल अगदी वाईट आलेत, आणि सरासरी काढली की दोन्ही एकमेकांत विरघळून जातात. तुझा मुलगा सरासरीत शिकणार नाहीये, एका ठरावीक शाळेत, एका ठरावीक बाईंकडे शिकणार आहे.

गंमत म्हणजे ही कल्पना १९८८ मध्ये उचलून धरली ती शिक्षकांच्या युनियनच्या अध्यक्षाने, अल्बर्ट शँकर यांनी. शिक्षकांनीच छोट्या शाळा काढून नवीन प्रयोग करायचे, जमलं तर ते सगळ्या शाळांनी घ्यायचे, असं काहीसं. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, १९९४ मध्ये ॲरिझोनाने केला आणि दार इतकं मोकळं ठेवलं की आज राज्यात पब्लिक शाळांतलं साधारण पाचातलं एक मूल चार्टरमध्ये आहे. शँकर स्वतः पुढे या सगळ्यावर नाराज झाले. दार मोकळं ठेवल्याचे फायदे झाले, तसे तोटेपण. २०१८ च्या जानेवारीत गुडइयरमधली एक चार्टर शाळा भर वर्षात बंद पडली आणि आईबाप दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन शाळा शोधत फिरले. म्हणून कुठल्याही चार्टरला हो म्हणायच्या आधी राज्याच्या चार्टर बोर्डाच्या साइटवर त्या शाळेचं आर्थिक रेटिंग बघायचं, अभ्यासाचं तर सगळेच बघतात. तुझी शाळा मोठ्या संस्थेची आहे, ती उद्या बंद पडेल असं नाही, पण पाच मिनिटांचं काम आहे. अजून एक, ॲरिझोनात चार्टरच्या शिक्षकांना, स्पेशल एज्युकेशनचे सोडून, राज्याचं टीचिंग सर्टिफिकेट लागत नाही. त्यामुळे कोणी पीएचडी झालेला येतो आणि कोणी काल कॉलेजातून बाहेर पडलेला. शिक्षकांचे बायोडेटा पालकांना बघायला मागता येतात, माग.

आता मुलाचं. तू पत्रात एक ओळ लिहिलीस, 'रीडिंगच्या मॅडम रोज अर्धा तास', आणि लगेच पुढच्या विषयाला गेलीस. मी त्याच ओळीवर अडकले. मी इथल्या शाळांमध्ये सब, म्हणजे बदली शिक्षिका म्हणून जाते आणि असे अर्धे तास बघितलेत. किडनीच्या आकाराचं टेबल, तीन-चार मुलं, अक्षरांच्या छोट्या टाइल्स, मूल एकेक आवाज अंगठ्यावर बोट टेकवत म्हणतं आणि मग जोडून शब्द, मॅडम चुकलेला शब्द सोडत नाहीत पण चिडतही नाहीत, परत टाइल्स मांडतात. बघणाऱ्याला वाटतं हे काय, बालवाडी आहे का. पण याच कामाने दोन वर्षांत मूल वाचायला लागतं, आणि हे करता येणारं माणूस शाळेत आहे की नाही यावर तुझ्या मुलाचं पाचवी-सहावीचं सगळं अवलंबून आहे, कारण तिथून पुढे गणितसुद्धा शाब्दिक उदाहरणांचं होतं.

कायद्याने चार्टरला 'आमच्याकडे डिस्लेक्सियाची मुलं घेत नाही' म्हणता येत नाही. फेडरल कायदा त्यांनाही तितकाच लागू, आयईपी घेऊन मूल आलं की पहिल्या दिवसापासून त्या आयईपीतल्यासारखीच मदत द्यावी लागते, नंतर मीटिंग घेऊन ते तोच आयईपी स्वीकारतात किंवा नवीन करतात. कागदावर सगळं चोख. पण तोंडाने जे बोललं जातं ते असं असतं: 'आमचा प्रोग्रॅम फास्ट आहे हं, त्याला इथे खरंच आनंद होईल का?' कोणी नाही म्हणत नाही, कोणी काढत नाही, आईच नोव्हेंबरात रडत शाळा सोडायचा फॉर्म भरते. म्हणून सीट घ्यायच्या आधी त्यांच्या स्पेशल एज्युकेशनच्या कोऑर्डिनेटरला मेल कर, फोन नको, मेल. रोज अर्धा तास तुम्ही द्याल का, आठवड्यातून दोनदा नाही, रोज. देणारी व्यक्ती शाळेत आहे का कॉन्ट्रॅक्टवर येते. कुठली पद्धत वापरतात. तो तास कुठल्या विषयातून बाहेर काढून देणार, गणितातून काढणार असतील तर मग कशासाठी चाललोय आपण तिथे. आणि वर्षाच्या शेवटी परीक्षेत पास न झालेल्या मुलाला तोच वर्ग परत करायला लावता का, आयईपीच्या मुलांना त्यात काय सवलत. उत्तर गुळमुळीत आलं की ते उत्तरच समज.

शाळा किती वाजता सुटते आणि तेव्हा तू कुठे असतेस, याबद्दल ग्रुपवर कोणी एक अक्षर बोललं नसेल. ॲरिझोनात चार्टरला बस देण्याचं बंधन नाही आणि बहुतेक जण देत नाहीत. म्हणजे रोज दोनदा तुझी गाडी. जुलैच्या शेवटी शाळा सुरू, ऑगस्टमधे ४३ डिग्रीत पिकअप लाइनला इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, धाकटी मागच्या सीटवर झोपलेली, तिची शाळा वेगळ्या वेळेला सुटते आणि दोघांची फॉल ब्रेक वेगवेगळ्या आठवड्यात. तुझा नवरा कुठे काम करतो लिहिलं नाहीस, पण त्या भागात पुष्कळ लोक फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात बारा तासांच्या शिफ्टला असतात, तसं असेल तर हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर येणार, हे शुक्रवारच्या आत त्याच्याशी बोल, ऑगस्टमधे नको.

नवऱ्याच्या ईएसएबद्दल. ईएसए सुरू झाली २०११ मध्ये, अपंग मुलांसाठी. २०१८ मध्ये ती सगळ्यांना लागू करायचा प्रस्ताव मतदारांनी जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी फेटाळला, आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तरीही ती सगळ्यांना खुली केली. (आपल्याकडच्या राजकारणाला नावं ठेवताना मला हे आठवतं.) तेव्हा बारा हजारांच्या आसपास मुलं होती, नंतरच्या दोन-तीन वर्षांत आकडा ऐंशी हजारांच्या वर गेला. पहिल्या लाटेत अर्ज केलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के मुलं आधी पब्लिक शाळेत नव्हतीच, म्हणजे ज्यांची फी आईबाप भरत होते ती आता राज्य भरायला लागलं. राज्याच्या तिजोरीवर काय भार पडतो हा वाद मोठा आहे आणि माझं मत तुला कळलंच असेल, पण तू मतदान करायला नाही, मुलासाठी विचारतेयस, तर त्याचं सांगते.

साधारण मुलाला वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास मिळतात. अपंगत्वाच्या काही कॅटेगरीत रक्कम खूप जास्त असते, पण डिस्लेक्सिया त्या मोठ्या रकमेच्या गटात येत नाही. तुमच्याकडच्या बऱ्या प्रायव्हेट शाळांची फी त्यापेक्षा जास्त, वरचे तुम्ही घालायचे. आणि मुख्य, ईएसएच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली की डिस्ट्रिक्टची तुझ्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी संपली असं तू लिहून देतेस. प्रायव्हेट शाळेवर आयईपी पाळायचं बंधन नाही. ती त्याला प्रवेश नाकारू शकते, घेऊन नंतर नकोही म्हणू शकते. तिथे निवड शाळेची असते, आपली नाही. डिस्लेक्सियासाठीच काढलेली एखादी शाळा सापडली आणि परवडली तर मी हे वाक्य परत घेईन, बाकी तुझ्या नवऱ्याचा प्लॅन या मुलासाठी तिन्हींतला सगळ्यात कच्चा आहे.

परत यायच्या रस्त्याचा विचार केलास का? तुझ्या घराच्या बाउंड्रीतली शाळा तुला कधीही नाही म्हणू शकत नाही, तो हक्कच आहे. पण तू आत्ता जिथे आहेस ती ओपन एनरोलमेंटची सीट आहे. ती सोडलीस आणि जागा भरली, तर ऑक्टोबरमधे परत आलीस तरी त्याच मॅडम, तेच टेबल मिळेल याची खात्री नाही. राज्याचे पैसे पहिल्या १०० दिवसांच्या पटावर ठरतात, त्यामुळे फेब्रुवारीत परत आलेल्या मुलाचे पैसे त्या वर्षी त्याच्याबरोबर येत नाहीत, शाळा घेते पण हात आखडलेला असतो. आणि डिस्ट्रिक्टच्या शाळाही कायमच्या नाहीत हो आता. मुलं कमी जन्मतायत, घरं महाग झालीत, काही मुलं चार्टरला, काही ईएसएला. २०२४ मध्ये पॅराडाइज व्हॅलीने तीन शाळा बंद करायचं ठरवलं, त्याच वर्षी डिसेंबरात फिनिक्सच्या रूझवेल्ट डिस्ट्रिक्टने पाच. तुझ्या आत्ताच्या शाळेचा पट काय चाललाय ते प्रिन्सिपलना सरळ विचार. खूप घसरला असेल तर माझ्या सल्ल्यातला एक खांब हलतो, ते मी मान्य करते.

गणिताचं कोणी तुला सांगितलं नाही म्हणून सांगते. ॲरिझोनाच्या कायद्यात गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार म्हणून धरायला शब्द, आकडे आणि चित्रं-आकृती या तीन भागांपैकी कुठल्याही एकात ९७ पर्सेंटाइल पुरे. तिन्हीत नाही, एकात. आयईपी असलेलं मूल गिफ्टेडमध्येही बसू शकतं, दोन्ही एकत्र चालतं, आणि टेस्ट डिस्ट्रिक्ट फुकट घेतं. पुष्कळ आया इथे अडखळतात, त्यांना वाटतं ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी गिफ्टेड कसं मागायचं, लोक हसतील. कोणी हसत नाही. या आठवड्यात लेखी रिक्वेस्ट दे. म्हणजे तुझ्या ग्रुपवाल्या ज्या गणितासाठी चार्टर चार्टर करतायत त्यातला बराचसा भाग तुला आहे त्याच बिल्डिंगमध्ये मिळू शकतो, वाचनाचा अर्धा तास न घालवता.

धाकटीचा सिबलिंग प्रेफरन्स हे तर आमिष आहे, ते बाजूला ठेव. मोठ्याला तिच्यासाठी तिकीट म्हणून वापरायचं नाही. जिथे खालच्या वर्गांत जागा जास्त निघतात तिथे केजीलाच तिचा स्वतंत्र अर्ज टाक, लागली तर लागली. दोन मुलं दोन शाळांत असली म्हणून काही बिघडत नाही, नाशिकला तुमच्या घरातपण एक मराठी मीडियम एक कॉन्व्हेंट असेलच की.

तर मी तुझ्या जागी असते तर या वर्षी सीट सोडली असती. चार्टर वाईट म्हणून नाही, उलट मुलाचं वाचन वर्गाच्या बरोबरीला आलं असतं तर मी डोळे झाकून घे म्हटलं असतं. पण चालू असलेली, लागू पडलेली मदत तोडून, बससुद्धा नाही अशा ठिकाणी, परतीची सीट गमावून जायचं आणि ते ग्रुपवरच्या बायकांनी 'चान्स' म्हटलं म्हणून, हे मला पटत नाही. पुढच्या वर्षी सहावीला जागा निघेलच असं नाही, हा धोका आहे आणि तो मी तुला घ्यायला सांगतेय, माहीत आहे मला.

शुक्रवारपर्यंतचं काम: आज चार्टरच्या कोऑर्डिनेटरला वरच्या प्रश्नांची मेल टाक आणि शाळेत एक सकाळ बसून बघता येईल का ते विचार. मुलालाही ने. उद्या आत्ताच्या शाळेत रीडिंगच्या मॅडमना भेट, त्यांना सरळ विचार की पुढच्या वर्षी तुम्ही इथेच आहात का, आणि त्याला अजून किती दिवस हा अर्धा तास लागेल असं तुम्हाला वाटतं. त्या म्हणाल्या की वर्षअखेरीस तो सुटेल आणि चार्टरकडूनही उत्तर लेखी, स्पष्ट आलं, रोज अर्धा तास, नाव-गावासकट, तर माझं वरचं सगळं विसर आणि घे सीट. यातलं एक जरी झालं नाही तर शुक्रवारी दुपारी नको असं कळवून टाक, वेटलिस्टवर कोणीतरी बसलंय. आणि काहीही ठरलं तरी आत्ताच्या शाळेचा विथड्रॉवल फॉर्म मात्र जुलैपर्यंत सही करू नकोस, ऑफिसमधल्या बाई कितीही गोड बोलल्या तरी.